ओळ जोडा

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत
आमचं टॅक्सचं ऑफिस. दोन टेबलं, एक प्रिंटर,
आणि एकतीस जुलैला हटकून रुसणारं नेट.

आनंदराव ढमढेरे सव्वासातला जिना चढून आले,
पिशवीत फाइल, फाइलमध्ये आणखी एक पिशवी.
औषधकंपनीतून निवृत्त. पेन्शन, दोन एफडी,
सगळं पोर्टलनं आधीच भरून ठेवलेलं.
मी म्हटलं, काका, पाच मिनिटांचं काम.
ते म्हणाले, अजून एक आहे.

अजून एक म्हणजे पेट्या.
दांडिया बाजारातल्या घरी ते पेट्या दुरुस्त करतात :
फाटका भाता, बसलेला सूर,
उंदरानं कुरतडलेली काळी पाच.
वर्षाचे, सरस-चामडं-तार वजा जाता, एकोणनव्वद हजार.
सगळे रोख. सगळे शाळेच्या दुरेघी वहीत :
‘भजनमंडळ, कारेलीबाग, बाराशे. दोनशे बाकी.’

मी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला.
काका, हे कुठंच दिसत नाहीये हो.
ना बँकेत, ना सरकारी तक्त्यात.
(या धंद्यात हे वाक्य
एवढंच बोलून सोडून द्यायचं असतं.)
त्यांनी आतल्या पिशवीतून चलन काढलं.
दिसत नाही म्हणूनच आलो, म्हणाले,
परवाच भरलाय मी.

बरं, पण यातले आठ टक्के दाखवले
तरी कायदा खूश असतो, मी सांगितलं.
असेल, म्हणाले. वहीत आठ टक्के असं काही नाहीये.

मग ‘सहज’ सोडून ‘सुगम’ उघडला,
नावं कुणी ठेवली देव जाणे.
कर भरल्याच्या पानावर एक निळं बटण आहे,
मराठीत म्हणायचं तर : ओळ जोडा.
चार चौकोन उघडले.
शाखेचा आकडा, सात अंकी. तारीख.
चलनाचा क्रमांक, पाच अंकी. रक्कम.
का भरला, याला चौकोन नाही.

ते एकेक अंक वाचत गेले
आणि प्रत्येकानंतर थांबले,
सूर दाबून कान लावावा तसे.
क्रमांक होता शून्य शून्य चार एक सात.
मी घाईत नुसता चारशे सतरा ठोकला.
चौकोन लाल झाला.
पुढची शून्यं राहिली, बेन, ते म्हणाले,
स्क्रीनकडे न बघता.

चार हजार आठशे सत्तर.
बेरीज फिरली, देय कर शून्य,
आणि खाली बारीक अक्षरात : परतावा, दहा रुपये.
आता हे दहा काही येणार नाहीत, मी सांगितलं,
शंभराच्या आतलं परत धाडत नाहीत ते.
चालेल, म्हणाले.

ओटीपी भाच्याच्या फोनवर गेला.
भाचा मांजलपूरला, ट्रॅफिकमध्ये.
आम्ही अकरा मिनिटं बसलो.
पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरत होता,
ते वर बघत म्हणाले, पांढरी दोन आहे. जरा उतरलेली.

पोचपावती छापून दिली तेव्हा त्यांनी
दुरेघी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं,
आणि लिहिलं :
‘सरकार. दहा बाकी.’
त्याखाली : ‘टॅक्सवाल्या बेन, तीनशे. दिले.’

दिले होते. मी ड्रॉवरमध्ये टाकलेही होते,
दिवसभरातल्या इतर नोटांवर.
त्यांची चप्पल जिन्यावर वाजत खाली गेली, मग थांबली.
मी ड्रॉवर पुन्हा उघडला.

जिग्नेश, म्हटलं, आपलं पावतीपुस्तक कुठंय रे?
त्यानं मान वर केली नाही.
शानी पावती, बेन?